गीतरामायणातला ‘मी’ कोणाचा?

(सांगली इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. याच विषयावर वक्ते आधी सातारा इथे बोलले होते. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



तत्त्वज्ञानाचा मास्तर गाण्यावर काय बोलणार, असं काहींच्या मनात असेल. मी रागदारीवर बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. एक साधा प्रश्न घेऊन आलोय. तुमच्या घरी गीतरामायण आहे, असं तुम्ही म्हणता, तेव्हा नेमकं काय आहे? कपाटातल्या तबकड्या? कॅसेटी? सीडी? मोबाइलवरची यादी? की रेडिओवरून कुणी उतरवून घेतलेलं काही? आणि ही सगळी एकच वस्तू आहे का?

हा प्रश्न गंभीरपणे घेणारी एक जमात आपल्याकडे आहे. ही मंडळी प्रत्येक गीताचे सापडतील तेवढे ध्वनिमुद्रित अवतार गोळा करतात, शेजारी शेजारी लावून ऐकतात आणि वहीत नोंदी करतात. इथे आवाज वेगळा, इथे मधला वाद्यांचा तुकडा वेगळा, इथे एक कडवं गाळलंय, इथे सूर चढलाय. यांना घरचे लोक हसतात. ‘अहो, गाणं तेच, चाल तीच, राम तोच. कसला फरक शोधताय?’ मला वाटतं, ही मंडळी समीक्षकाचं काम करतायत. मात्र त्यातले बरेच जण जो प्रश्न विचारतात, तो थोडा बदलायला हवा. ते विचारतात, ‘यातलं मूळ कोणतं?’ मी विचारेन, ‘यात बोलतंय कोण?’

आता हे साताऱ्यात आणि सांगलीतच का बोलायचं, तेही सांगतो. गदिमा आपले. जन्म १९१९चा, आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचा, गाव माडगूळ, शिक्षण औंधात. आज आटपाडी सांगली जिल्ह्यात आणि औंध सातारा जिल्ह्यात. पण १९५५ साली गीतरामायण सुरू झालं तेव्हा ‘सांगली जिल्हा’ या नावाचा जिल्हाच नव्हता. १९४९ साली जो जिल्हा झाला त्याचं नाव होतं दक्षिण सातारा. सांगली हे नाव मिळालं १९६० साली. ज्या औंधात गदिमा शिकले, तिथल्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, स्वतःच्या हातानं रामायणाची चित्रं काढून ‘चित्ररामायण’ प्रसिद्ध केलं होतं, १९१६ साली. इथून जवळच चाफळला समर्थांचं राममंदिर. रामकथा पुन्हा पुन्हा नव्या माध्यमात मांडायची, ही या मुलखाची जुनी सवय आहे.

आता घटना क्रमानं पाहू. पुणे आकाशवाणी केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ रोजी. तिथे सीताकांत लाड कार्यक्रमांचं पाहत होते. त्यांनी गदिमा आणि सुधीर फडके यांच्याकडून एक मालिका करून घेतली. पहिलं गीत १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी प्रसारित झालं. शुक्रवार होता. दर आठवड्याला एक नवं गीत. वर्षभराची ५२ व्हायची, पण त्या वर्षी अधिक मास आला आणि रामनवमी ते रामनवमी हा प्रवास ५६ गीतांचा झाला. शेवटचं गीत १९ एप्रिल १९५६चं.

या मूळ प्रसारणात पात्रागणिक आवाज होते. फडके स्वतः होतेच, रामाची गीतं मुख्यतः त्यांचीच. शिवाय माणिक वर्मा, ललिता फडके, मालती पांडे, वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर, बबनराव नावडीकर, आणि आपल्या मिरजेत जन्मलेले नट चंद्रकांत गोखले. पंचावन्नावं गीत, वनात सोडलेल्या सीतेचं, लता मंगेशकरांनी गायलं. म्हणजे श्रोत्याच्या कानापुढे एक नाटकच उभं राहत होतं. कौसल्या बाईच्या आवाजात, दशरथ पुरुषाच्या, ऋषी वेगळे, राम वेगळा.

पुढे १९५७ला केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागानं सगळ्या गीतांचं पुस्तक काढलं. त्यानंतर, साठच्या दशकात, एचएमव्हीचा दहा लाँगप्ले तबकड्यांचा संच आला. दहा तबकड्या, वीस बाजू, छप्पन्न गीतं. आणि गाणारे एकच, सुधीर फडके. त्याबरोबरच बाबूजींचे मैफलीतले कार्यक्रम, गावोगावी, वर्षानुवर्षं. तेही एकट्याच्या आवाजात. मग त्याच ध्वनिमुद्रणाच्या कॅसेटी झाल्या, सीडी झाल्या, निवडक गीतांचे संग्रह झाले, आता मोबाइलवर दोन बोटांत सापडतात. आज ‘गीतरामायण’ म्हटलं की शंभरातल्या बहुतेकांच्या कानात वाजतं ते हे दुसरं, एकट्या आवाजाचं. पहिलं, अनेक आवाजांचं, ज्यांनी मुद्दाम शोधलं त्यांनाच माहीत.

आता ही माणसं फरक शोधतात म्हणजे काय करतात, ते जरा बारकाईनं पाहू. कारण सगळे फरक एका मोलाचे नसतात.

पहिला प्रकार यंत्राचा फरक. टेप किंवा तबकडी जरा जलद फिरली की गाणं जलद होतं आणि सूरही वर चढतो. हिशेब सोपा आहे. वेग सुमारे ६ टक्के वाढला की सूर अर्ध्या स्वरानं चढतो. काळी एकमधलं गाणं पांढरी दोनमध्ये ऐकू येतं, आणि सहा मिनिटांचं गाणं पाच मिनिटं चाळीस सेकंदांत संपतं. तेव्हा सूर वेगळा लागला म्हणून लगेच ‘हे वेगळं ध्वनिमुद्रण आहे’ असं नाचू नये. सूर आणि वेळ दोन्ही एकाच प्रमाणात बदलले असतील तर बहुधा तो मोटरचा प्रताप. खरा पुरावा असतो श्वासाचा. गायकानं श्वास कुठे घेतला, हरकत कुठे घेतली, शब्द कुठे तोडला. हे दोन वेळा गाताना हुबेहूब तसंच येत नाही. श्वास जुळले की एकच गायन; श्वास वेगळे की गायन वेगळं.

हा खेळ फक्त आपल्याकडचा नाही. बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम १९६७चा. तो तेव्हा दोन मिश्रणांत निघाला, मोनो आणि स्टिरिओ. त्यातलं ‘शी इज लीव्हिंग होम’ हे गाणं मोनोमध्ये जलद आहे आणि अर्धा स्वर वर आहे, स्टिरिओमध्ये संथ आणि खाली. दोन पिढ्या स्टिरिओ ऐकून वाढल्या. २०१७ साली नवं मिश्रण झालं तेव्हा करणाऱ्यांनी मोनोचा वेग धरला. अर्थातच चाहत्यांत वाद. एक मुलगी पहाटे घर सोडून जाते, असा त्या गाण्याचा विषय. ती लगबगीनं जाते की जड पावलांनी, हे मिश्रणाच्या वेगावर ठरू लागतं. लक्षात घ्या, गायन तेच, वादन तेच.

भर्तृहरीनं पंधराशे वर्षांपूर्वी यावर विचार करून ठेवलाय. तुम्ही एखादा शब्द द्रुत लयीत उच्चारा, मध्यम लयीत उच्चारा, विलंबित उच्चारा. शब्द एकच राहतो. ‘वाक्यपदीया’त तो ध्वनीचे दोन प्रकार करतो. ज्यामुळे शब्द प्रकट होतो तो प्राकृत ध्वनी. आणि शब्द प्रकट झाल्यावर जो लांबतो, आखूड होतो, ज्यात लयीचा भेद राहतो, तो वैकृत ध्वनी. वैकृत ध्वनी बदलला म्हणून शब्द बदलत नाही. हे गीतरामायणाला लावून पाहा. कॅसेटवरची खरखर, सीडीवरचा स्वच्छपणा, अर्धा स्वर वर-खाली, हे सगळं वैकृत. तिथे घरचे हसतात ते बरोबर आहे. गाणं तेच.

पण मग गायक बदलला तर? सीतेच्या गीताची चाल तीच, शब्द तेच, आणि लताबाईंच्या जागी बाबूजी. हाही वैकृत भेदच म्हणायचा का? कुणी म्हणेल, हो. गीताची संहिता आणि चाल म्हणजे गीत. ते कुणीही गावं. भावगीताच्या बाबतीत हे चालेलही. पण गीतरामायणात एक अडचण आहे. इथली बहुतेक गीतं पात्रांच्या तोंडची आहेत. त्यात ‘मी’ आहे, ‘माझं’ आहे, ‘मला’ आहे.

आणि ‘मी’ हा मोठा विलक्षण शब्द आहे. ‘झाड’ हा शब्द कुणीही उच्चारला तरी झाडच. ‘मी’ मात्र उच्चारणाऱ्याबरोबर आपला अर्थ बदलतो. मी ‘मी’ म्हटलं तर म्हातारा मास्तर, तुम्ही म्हटलं तर तुम्ही. या शब्दाचा अर्थ कोशात अर्धाच असतो, उरलेला अर्धा बोलणाऱ्याच्या गळ्यात असतो. म्हणून ‘मी’ असलेलं गीत एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेलं की भर्तृहरीची ती सूट लागू होत नाही. इथे अर्थच हलतो.

कसा हलतो ते सांगायला सांगलीइतकं योग्य गाव नाही. १८४३ साली याच गावात विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. विषय रामायणाचाच! त्या नाटकांत पदं गायचा कोण? सूत्रधार, आणि त्याचे साथीदार. राम रंगमंचावर यायचा, हावभाव करायचा, त्या वेळी सुचेल ते बोलायचा. पण त्याची पदं गायची ती सूत्रधारानं. पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ आलं, आणि शकुंतला आपलं पद आपण गाऊ लागली. फार मोठी उडी होती ती. गाणं सूत्रधाराच्या तोंडून निघून पात्राच्या तोंडी गेलं. मग याच सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल आले, आणि पात्रानं स्वतःचं दुःख स्वतः गाणं ही मराठी माणसाची सवयच झाली.

आता गीतरामायणाकडे परत या. १९५५चं रेडिओवरचं गीतरामायण हे किर्लोस्करांच्या घराण्याचं आहे. प्रत्येक पात्राला आपला गळा. तबकड्यांवरचं गीतरामायण भाव्यांच्या घराण्याचं आहे. एकच सूत्रधार सगळ्यांचं गातो. कीर्तनकार नाही का, एकटा उभा राहून घटकेत राम होतो, घटकेत शबरी होतो, आणि आपण उपरणं-झांजांसकट ते मान्य करतो! तेव्हा हा फक्त आवाजाचा बदल नाही. नाटकाचं आख्यान झालंय. प्रकारच बदललाय, आणि वेष्टनावर नाव मात्र तेच राहिलंय.

साताऱ्यात एका श्रोत्यानं मला विचारलं होतं, ‘सर, मग बाबूजींनी एकट्यानं गाऊन नुकसान केलं असं म्हणायचंय का?’ त्याचं उत्तर इथे जरा सविस्तर देतो.

काही गीतांत काहीच बिघडत नाही. बारावं गीत घ्या, सीतास्वयंवराचं. ते वर्णन आहे, सांगणारा सांगतोय. तिथे सूत्रधार शोभतोच. शिवाय बाबूजींचा शब्दोच्चार. प्रत्येक जोडाक्षर ऐकू येतं, प्रत्येक अनुस्वार जागच्या जागी. छप्पन्न गीतं सलग ऐकताना एका आवाजामुळे कथेला जो एकसंध धागा मिळतो, तो अनेक आवाजांत मिळणं कठीण. गावोगावच्या माणसांनी हे काव्य पाठ केलं ते बाबूजींच्या आवाजामुळे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण पंचावन्नावं गीत घ्या. गर्भवती सीतेला लक्ष्मणानं वनात आणून सोडलंय आणि ती त्याला विचारतेय. रेडिओवर ते बाईच्या आवाजात येतं. ऐकणाऱ्यापुढे प्रत्यक्ष ती उभी आहे. तिचा प्रश्न लक्ष्मणाला आहे, रामाला आहे, अयोध्येला आहे, आणि रेडिओपाशी बसलेल्या तुम्हा-आम्हालाही आहे. तो सवाल आहे. उत्तर द्यावं लागतं किंवा मान खाली घालावी लागते. तेच गीत सूत्रधार गातो तेव्हा तो सीतेचं म्हणणं आपल्याला सांगतो. त्यात करुणा ओतप्रोत आहे. पण सवालाची जागा करुणेनं घेतली. आपण डोळे पुसतो, उत्तर देत नाही. माझ्या मते हे खरं नुकसान आहे, आणि ते फक्त संगीतापुरतं नाही. ज्या स्त्रीला कथेत कुणी विचारलं नाही, तिला बोलायला मिळालेली एक जागा पुढच्या आवृत्तीत तिच्या हातून गेली.

इथेच थांबलो असतो तर व्याख्यान सोपं झालं असतं. पण गोष्ट आणखी गुंतलेली आहे. रेडिओवर रामाचा आवाज कोणाचा होता? फडक्यांचाच. म्हणजे ज्याच्या कानात आधीचं गीतरामायण आहे, त्याच्यासाठी हा गळा रामाचा आहे. तो माणूस तबकडीवर पंचावन्नावं गीत ऐकतो तेव्हा काय ऐकतो? ज्यानं टाकलं त्याच्याच आवाजात टाकलेलीचं दुःख. राम स्वतःच्या तोंडानं सीतेचा आक्रोश गातोय! आता आठवा, या काव्याची चौकट काय आहे. कुश आणि लव रामाची कथा रामासमोरच गातात. राम श्रोता आहे. आपल्याच आयुष्याची कथा तो ऐकतोय, त्यात सीतेचं दुःखही आलंच. त्या ऐकणाऱ्या रामाच्या मनात जे उमटलं असेल, त्याचा हा आवाज असं मानलं तर? तर एकट्या आवाजाचं गीतरामायण एकदम खोल होतं. पण ही खोली कुणाला कळेल? ज्यानं दोन्ही ऐकलीत त्यालाच. फक्त दुसरं ऐकणाऱ्याला तो नुसता गायकाचा आवाज आहे. म्हणून दोन्ही अवतार जवळ असणं आणि त्यांतला फरक माहीत असणं, हा हौशीपणा नाही. त्याशिवाय अर्थ पुरता लागत नाही.

आता ‘मूळ’ या शब्दाबद्दल. फरक शोधणाऱ्यांना या शब्दाचं वेड असतं. आधीचं ते खरं, नंतरचं ते भ्रष्ट. यावर एक किस्सा पुरे आहे. पहिल्या गीताचा गदिमांनी दिलेला कागद मुद्रणाच्या वेळी बाबूजींकडून हरवला, आणि मग गदिमांना खोलीत बसवून ते गीत पुन्हा लिहून घेतलं, असं सांगतात. गीतरामायणाच्या चाहत्यांत हा किस्सा प्रसिद्ध आहे. तो खरा धरला तर मूळ शोधणाऱ्यांची पंचाईतच झाली. गीतरामायणाचं पहिलं गीत हीच दुसरी आवृत्ती! पहिली कुणीच ऐकलेली नाही. आणि चौकट पाहिली तरी तेच. वाल्मीकींनी रचलं, मुलांनी गायलं. ऐकणाऱ्याच्या वाट्याला आलं ते पहिल्यापासूनच दुसऱ्याच्या गळ्यातलं.

पण मूळ सापडत नाही म्हणून सगळं सारखंच, असंही नाही. हा आळशी माणसाचा निष्कर्ष झाला. पुण्याच्या भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. बडोद्याला प्राच्यविद्या मंदिरानं वाल्मीकि रामायणाची केली. तिथली शिस्त पाहण्यासारखी आहे. संपादकानं एक पाठ निवडून वर छापला, पण नाकारलेले पाठ फेकले नाहीत. कोणत्या पोथीत काय आहे, ते त्याच पानाच्या तळाशी दिलं. निवड करा, पण न निवडलेल्याची नोंद ठेवा. वाचकाला तुमच्याशी भांडायची सोय हवी.

आपल्या ध्वनिमुद्रणांच्या फेरप्रकाशनांत मला नेमकी ही तळटीप दिसत नाही. नव्या वेष्टनावर किंवा मोबाइलच्या यादीत पुष्कळदा फेरप्रकाशनाचं साल असतं, गायनाचं नसतं. संग्रह निवडक असतो, पण काय वगळलं ते लिहिलेलं नसतं. जुन्या मोनो मुद्रणातली खरखर काढली तर त्याला कुणी रीमास्टर म्हणतं, त्यावर नवे ठेके चढवले तर रीमिक्स म्हणतं. पण काय केलं हे दोन ओळींत सांगायची तसदी घेतली जात नाही. हे काम सध्या कोण करतंय? तेच, ज्यांना घरचे हसतात. काही मराठी संकेतस्थळांवर आता गीताखाली प्रथम प्रसारणाची तारीख आणि त्या वेळचा गायक दिलेला सापडतो. ती तळटीप आहे. सुकथनकरांच्या परंपरेतली.

तेव्हा जाता जाता तीन गोष्टी सांगतो, व्यवहाराच्या. एक, तुमच्याकडे रेडिओवरून उतरवलेल्या जुन्या टेपा असतील तर टाकू नका. फीत कायम टिकत नाही, ती लवकर संगणकावर उतरवून घ्या. दोन, उतरवताना निवेदकाचं बोलणं कापू नका. गाण्याआधी येणारं केंद्राचं नाव, गायकाचं नाव, हाच पुढच्या माणसाचा पुरावा. तीन, फायलीला नुसतं ‘गीतरामायण १२’ असं नाव देऊ नका. कुणाचा आवाज, कुठून घेतलं, कधी घेतलं, माहीत असेल तेवढं लिहा. माहीत नसेल तिथे प्रश्नचिन्ह टाका.

आणि एक गृहपाठ, मास्तरची सवय म्हणून. आज घरी गेल्यावर पंचावन्नावं गीत दोन्ही आवाजांत ऐका, आधी बाईचा, मग बाबूजींचा. चांगलं कोणतं हे ठरवू नका. प्रत्येक वेळी तो प्रश्न कुणाला विचारला जातोय, एवढंच एका ओळीत लिहा.

आता तुमचे प्रश्न घेतो.